शिफारशीच्या फळ्यावर मुंबईचे लेखक हवेत

महोदय,

परळमधील एका वाचनालयात गेल्या आठवड्यात मी नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ मागितले, तेव्हा ते मागच्या खोलीतल्या कपाटातून शोधून आणावे लागले. पाने कडांना पिवळी पडलेली आणि आतल्या चिठ्ठीवरचा तारखेचा शेवटचा शिक्का ११ वर्षांपूर्वीचा. ज्या गिरणगावात सुर्वे वाढले, तिथेच त्यांचा १९६६ सालचा हा संग्रह इतकी वर्षे कोणी घरी नेऊ नये, याचे मनापासून वाईट वाटले.

दाराजवळच्या ‘वाचकांसाठी शिफारस’ या फळ्यावर मात्र केवळ अनुवादित यशोगाथांची नावे होती. अनुवादांना माझा विरोध नाही, ते मीही आवडीने वाचतो. परंतु १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगावकरांनी लिहिलेले ‘मुंबईचे वर्णन’, त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेला बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आणि झोपडपट्टीतले जगणे मांडणारी जयवंत दळवींची ‘चक्र’ ही कादंबरी, यांतले एकही नाव तिथे असू नये? आपण रोज ज्या रस्त्यांवरून जातो त्यांची भाषा, त्यांचा घाम या पुस्तकांत आहे, आणि विशेषतः बागुलांची कथा वाचल्यावर माणूस शेजाऱ्याकडे पूर्वीसारखा पाहूच शकत नाही.

शहरातील वाचनालयांनी दरमहा किमान एका मुंबईकर लेखकाचे पुस्तक दर्शनी मांडावे आणि आपल्या दैनिकानेही रविवारच्या पुरवणीत त्यासाठी एक चौकट राखून ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, परळ, मुंबई