शटर

प्रिय मन्या,

शिव्या नंतर दे, आधी वाच. दिवाळीपासून फोन नाही, चूक कबूल. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं तुझ्या धाकट्याकडून कळलं. चालायला लागल्या ना? माझी साखर आहे तशीच, गोळ्या चालू.

तर चिऊ टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत गेलीय. सकाळी सहाला रांगेत उभे राहिलो, नंबर लागला पावणेचारला. छातीवर स्टिकर, हातात गार पोळीची गुंडाळी. आत जेमतेम दीड मिनिट गायली. बाहेर येते तोच कॅमेरा घेऊन एक पोरगा हजर. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. "घरात काही अडचण वगैरे?" मी 'नाही बुवा' म्हणेपर्यंत चिऊ सुरू. बाबांचं दुकान लॉकडाऊनमध्ये बंद पडलं, आईनं बांगड्या मोडून पेटी घेतली... अरे, पेटी तात्यांची! तुझ्याच कोपरानं तिची पट्टी तुटलीय. दुकानाचं खरं, पण तेव्हा ही पाच वर्षांची. हिला आठवतात त्या फक्त घरी आलेल्या उरलेल्या कॅडबऱ्या. डोळ्यांतलं पाणी मात्र बरोब्बर समेवर आलं. नंतर माझ्या कानात म्हणते, "बाबा, रडणं जमलं ना?"

मला तुझं प्लॅस्टर आठवलं. कंपाउंडरला वडापाव चारून धडधाकट पायाला बांधून घेतलंस, गॅदरिंगला लंगडत स्टेजवर गेलास, बाई रडल्या, तू पहिला, मी दुसरा. सहा महिने अबोला. अजून सांगतो, तुझा वरचा सा लागला नव्हता.

मग २००५ साली इंडियन आयडलला पुन्हा तेच. अभिजीत सावंत मराठी म्हणून तू एसएमएस करत सुटलास. मी मुद्दाम भिलाईच्या अमित सानाला. ५ मार्चला तुझा जिंकला, पाठोपाठ अल्बमही आला. पण २००८ला 'जो जीता वही सुपरस्टार'मध्ये राहुल वैद्यनं, म्हणजे आयडलमधल्या तिसऱ्यानं, त्याला मागे टाकलंच की! तू म्हणशील, २०२४च्या बिग बॉस मराठीपर्यंत लोक त्याला विसरले नाहीत. बरं बाबा, तू जिंकलास.

चिऊलाही हे सगळं ऐकवलं. लातूरच्या रोहित राऊतचंही सांगितलं. २००९ला लिटिल चॅम्प्सच्या महाअंतिम फेरीत होता, जिंकली आळंदीची कार्तिकी. हा अकरा वर्षांनी इंडियन आयडलमध्ये पुन्हा उभा राहिला आणि दुसरा आला. म्हटलं, बघ, मधली वर्षं कशी गेली असतील, किती घासावं लागलं असेल. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्यांची स्टोरी काय होती?"

रविवारी ते लोक इथे शूटिंगला येणार. बंद दुकानासमोर मी आणि चिऊ, असा शॉट हवाय. दुकानात आता मोबाईलवाला बसतो. त्याला अर्धा तास शटर ओढायला सांगायचं म्हणे. चिऊची आई म्हणते, खोटं थोडंच आहे? बांगड्यांचं काय, विचारलं तर चहा ठेवायला उठली.

मन्या, मी काल त्या मोबाईलवाल्याला विचारून आलो. हो म्हणाला. पैसेही नको म्हणाला, फक्त त्याची पाटी दिसली पाहिजे.

शनिवारच्या आत फोन कर. प्लॅस्टर कापल्यावर घरी काय सांगितलं होतंस, ते मी कधी विचारलंच नाही.

तुझा,
दुसरा नंबर