गिअरबॉक्सच्या कामात धावून आलेल्यांचे आभार

आमच्या जुन्या माझदा एमएक्स-५ गाडीचं गिअरबॉक्स ऑइल घरीच बदलून झालं. न मागता गाडी उचलून टेकवायचे चारही स्टँड आणून देणाऱ्या शेजारच्या काकांचे मनापासून आभार. आणि पार्ट्सच्या दुकानातल्या दादा, तुमचेही! जीएल-५ दर्जाचं तेल नको, पितळी सिंक्रोंसाठी (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांसाठी) ७५डब्ल्यू-९० जाडीचं जीएल-४च न्या, असं तुम्ही बजावून सांगितलंत. तेल भरायचा बोल्ट आधी सैल करा, मगच तेल सोडायचा खालचा काढा, हा सल्ला तर लाखमोलाचा. वरचा जाम निघाला असता, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागलं असतं. सुमारे दोन लिटर तेल, भरायच्या भोकाच्या काठावरून ओघळेपर्यंत. जुनं तेल काळंकुट्ट, खालच्या बोल्टावर पोलादी भुकटीचा करडा लेप. आता सकाळच्या गारठ्यातही दुसरा गिअर अलगद पडतो. देव तुमचं भलं करो!