नोटिशीला उत्तर: धडधड माझी, खडखड माझी, ठक्क मात्र डक्टातली

दि. १२ मे

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, भुसावळ

विषय : फ्लॅट क्र. ३०२ च्या वॉशिंग मशीनबाबतची नोटीस आणि डक्टमधल्या पाइपाला क्लॅम्प लावण्याची विनंती.

महोदय,

कागदावर महोदय लिहितोय, पण आप्पा, रोज संध्याकाळी आपण एकाच बाकावर बसतो. दारावर नोटीस चिकटवण्याआधी तिथेच बोलला असतात तर बरं झालं असतं. असो. नोटिशीप्रमाणे माझं मशीन रात्री फार आवाज करतं, म्हणून ते बंद ठेवायचं. आवाज होत होता हे मला कबूल आहे. पण ते तीन वेगवेगळे आवाज होते, त्यातले दोन माझे. तिसऱ्यासाठी हे पत्र.

पहिली धडधड. आखाजीला लेक नातवंडांना घेऊन आली, घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या निघाल्या आणि हिने त्या एकेक करून मशीनमध्ये घातल्या. भिजलेली गोधडी ड्रमात एका अंगाला गोळा होऊन बसते. पिळताना माझं मशीन मिनिटाला १२०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला २०. त्या वेगात असा एकांगी बोजा मशीनला जागेवरून चालवतो. त्यात आपल्या ड्राय बाल्कनीला मोरीकडे उतार आहे. एका पायाखाली मी पुठ्ठा सरकवला होता, तो भिजून चेपला. चूक माझीच. गवंड्याची पाणसळ आणून चारही पाय पुन्हा लावले, चेकनट आवळले. आता गोधडीबरोबर दोन चादरी टाकतो आणि वेग ८०० वर ठेवतो. पिळणं चालू असताना वर पाण्याची वाटी ठेवून पाहिली, थेंब सांडला नाही. या, तुम्हीही बघा.

मधे एक मेकॅनिक येऊन गेला. दोन मिनिटं कान देऊन म्हणाला, बेअरिंग गेलं, ड्रम खोलावा लागेल. माझी उभी नोकरी लोको शेडात फिटर म्हणून गेली, त्याला कोण सांगणार! मशीन रिकामं करून, पिन काढून ड्रम हाताने फिरवला, तर घरघर नाही. काठ धरून वर-खाली हलवला, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा नाही. गेलेलं बेअरिंग वेगाबरोबर चढत जाणारा आवाज देतं. तसं काहीच नव्हतं. चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

दुसरी खडखड, तीही पाणी बाहेर टाकतानाच. खालचं झाकण उघडून, ताट लावून फिल्टर काढला. दोन रुपयांचं नाणं आणि ब्लाउजचा हुक निघाला. विषय संपला.

आता ठक्क. भिंतीवर कुणी हातोडा मारावा तसा एकच ठोका. तळमजल्यावरच्या वहिनी ज्याने दचकून उठतात तो हाच. मशीनमध्ये पाणी घेणारा व्हॉल्व्ह विजेवर चालतो. तो नळासारखा हळूहळू बंद होत नाही, एका झटक्यात मिटतो. धावतं पाणी जागच्या जागी अडतं आणि त्याचा धक्का पाइपातून मागे जातो. पाइप घट्ट धरलेला असेल तर फारसं काही होत नाही. आपला पाइप धरलेला नाही. दिवाळीपर्यंत गच्चीवरच्या टाकीतून पाणी आपल्या वजनाने यायचं. मग वरच्या मजल्यांची तक्रार आली म्हणून आपण प्रेशर पंप बसवला, आणि ठक्क सुरू झालं ते तेव्हापासून.

पुरावा म्हणाल तर मागचा शनिवार आणि रविवार माझ्या मशीनची पिन काढलेली होती, नळही बंद. तरी शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत सात ठोके मोजले. सकाळी सचिवांकडून किल्ली घेऊन डक्टात बॅटरी मारली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधले दोन क्लॅम्प गंजून गळून पडलेत, एक नुसता लटकतोय. पाइप जिथे आपटतो तिथलं प्लास्टर उखडून खाली विटेचा लाल रंग दिसतोय. फोटो सोबत जोडतो.

तेव्हा मागणी एवढीच. मुख्य पाइपाला खालपासून गच्चीपर्यंत रबर लावलेले नवे क्लॅम्प बसवावेत आणि पंपाचं प्रेशर प्लंबरकडून थोडं कमी करून घ्यावं. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, शिडी धरायला मी उभा राहीन. ४५ अंशांच्या उन्हात त्याला दुपारी बोलावू नका, सकाळी सातलाच बोलवा.

रात्री १० ते सकाळी ६ मी मशीन लावणार नाही, हे लिहून देतो. पण तेवढ्याने ठक्क थांबणार नाही, कारण व्हॉल्व्ह एकट्या माझ्याच घरात नाही. आणि आप्पा, मशीनचं एवढं निघालंच आहे तर तुमच्या कूलरच्या पंख्यालाही एकदा तेल द्या. गच्चीवर झोपलेल्यांना तो स्पष्ट ऐकू येतो.

नोटीस मागे घेऊन तसं फलकावर लावावं, ही विनंती.

आपला,
रहिवासी, फ्लॅट क्र. ३०२

ता. क. : २०१ मध्ये परवा नवं मशीन आलंय आणि पहिल्याच दिवशी ते दारापर्यंत चालत आलं म्हणतात. समोरून कपडे टाकायचं असेल तर मागे ड्रम जखडणारे वाहतुकीचे बोल्ट असतात, ते काढले का विचारा. नसतील तर पाना घेऊन मी जातो. नोटीस नको.