एक कमी

प्रिय शंकर,

रामराम. दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. मी बरा आहे, बीपीची गोळी चालू.

परवा अनिकेतनं मोबाईलवर रशियाची नवी सुरुंग-माइन दाखवली, पीओएम-3. रॉकेटनं फेकतात, छत्रीनं उतरते आणि जमिनीच्या हादऱ्यावरून माणसाचं पाऊल ओळखते. 2022 पासून युक्रेनमध्ये वापरतायत. आपण पोटावर पडून, माइन टोचून शोधायची सळई, तो प्रॉडर, तिरका धरून बोट-बोट सरकायचो. हिला तर सरकणाराच ऐकू जातो! तू घोरलास तरी फुटली असती.

पोरगा म्हणाला, आता ड्रोनही स्वतःच माणूस हेरून मारतील, हुकूम देणारा नकोच. मी म्हटलं, आपल्या एम-14 माइनला कोण हुकूम द्यायचं? मुठीत मावणारी, आत 29 ग्रॅम स्फोटक. पाय जवानाचा की शेळ्यांमागच्या पोराचा, तिला काय? यावर तो म्हणतो, "पण ही रशियाची ठरलेल्या तासांनी आपोआप फुटून जाते, बाबा. तुमची एखादी मागं राहिली नाही ना?"

मी 'नाही' म्हटलं. चहा घशाखाली उतरेना.

2001-02च्या ऑपरेशन पराक्रमला सीमेवर माइन पेरलेली ती पट्टी आठवते? लावली तेव्हा नकाशा चोख होता. उचलायला गेलो तर वाळू सरकलेली, खुंटे एकीकडं आणि माइन भलतीकडं. एक कमी भरली. तीन दिवस वाळू चाळली. तू म्हणालास, उंटानं उडवली असेल, लिहून टाक. उंट म्हणजे काय उंदीर आहे? हाड कुठाय, खड्डा कुठाय? त्यावरून दोन महिने आपण बोललो नाही. शेवटी 'स्फोटात नष्ट' लिहिलं मीच. अक्षर माझं, म्हणून तू सुखानं झोपतोस होय?

माइनबंदीच्या ओटावा करारावर आपल्या देशानं सही केली नाही, त्याचं मला काही नाही. सीमा राखायची तर माइन लागते. पण मोजून लावलेली मोजून उचलायची, एवढंच तर आपल्याला शिकवलं होतं. तिथं आता कुणी ट्यूबवेल काढली असेल, बायका निंदायला बसत असतील.

सुनीताचं जमलं हे वहिनींकडून कळलं, छान झालं. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझ्या काळ्या ट्रंकेत त्या पट्टीची कच्ची आकृती होती, टाकली नसशीलच. यात्रेला येताना आण. कुणाकडं नेऊन द्यायची ते दोघं मिळून बघू. पोरांसमोर काढू नकोस.

तुझा,
दत्ता