गोलरक्षकाची सही ओळखून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही छापले जाऊ नये, ही आपली अट पाळूनच हे अनावृत पत्र लिहीत आहे. रद्दीच्या गठ्ठ्यातून हाती आलेल्या एका जुन्या स्वाक्षरीवहीत फिकट गुलाबी रंगाचे एक पान होते. त्याच्या डोक्यावर कोणीतरी शिसपेन्सिलीने ‘कॅलटेक्स, कूपरेज’ (मुंबईतला एका तेल कंपनीचा फुटबॉल संघ आणि तिथलेच फुटबॉलचे मैदान) एवढेच लिहून ठेवले होते, आणि खाली खेळाडूंनी वाटेल त्या दिशेने केलेल्या सह्या होत्या. बाकीची नावे सावकाश लागली. उजव्या कोपऱ्यात दाटीवाटीने केलेल्या दोन सह्या मात्र काही केल्या लागेनात. त्यांपैकी एक सही एस. एस. नारायण यांची आहे, हे आपण सप्रमाण दाखवून दिलेत, त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

या नावाचे मोल आपल्याला सांगायला नकोच. परंतु हे पत्र वाचणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना ते नवे असेल. १९५६ च्या मेलबर्न आणि १९६० च्या रोम, अशा दोन्ही ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय फुटबॉल संघांत नारायण गोलरक्षक म्हणून होते. मेलबर्नला आपल्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, त्या सामन्यात मुंबईच्याच नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले, आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. पुढे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया यांच्याकडून हार पत्करावी लागल्याने चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. रोमनंतर आजतागायत आपला पुरुष संघ ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. नारायण हे माटुंग्यातून पुढे आलेले खेळाडू. कॅलटेक्स आणि टाटा या संघांकडून ते खेळले, आणि बास्केटबॉलमध्येही त्यांनी महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व केले. डोक्यावरून येणारा चेंडू दोन्ही हातांत अलगद झेलण्याची सवय त्यांना दोन्ही खेळांत उपयोगी पडली असणार, असा माझा आपला तर्क.

आमच्या छंदातला एक अन्याय आपण बोलता बोलता दाखवून दिलात. सामना संपला की वह्या घेतलेली मुले धावतात ती गोल करणाऱ्याकडे. गोलरक्षक मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून चालत येईपर्यंत पानाचा मधला भाग भरून गेलेला असतो. संघातल्या दुसऱ्या गोलरक्षकाची गत तर त्याहून वाईट. पीटर थंगराज यांच्यासारखा उंचापुरा आणि पुढे अर्जुन पुरस्कार मिळालेला गोलरक्षक त्याच भारतीय संघात असताना नारायण यांच्याकडे वही घेऊन किती जण गेले असतील? म्हणूनच ती कोपऱ्यातली सही मला पानाच्या मध्यावरच्या ठसठशीत सह्यांपेक्षा अधिक प्रिय झाली आहे.

आपण ती ओळखलीत ती पद्धत तर मला जन्मभर पुरेल. आपल्या संग्रहातले, सहीखाली सुवाच्य अक्षरांत नाव लिहिलेले पान आपण शेजारी ठेवलेत आणि दोन्ही पाने चक्क उलटी फिरवलीत; अक्षरे वाचता येईनाशी झाली की डोळा शब्दाच्या मागे न जाता रेषेच्या मागे जातो, हे तेव्हा उमगले. मग भिंगाखाली शाई पाहिलीत. सहज केलेल्या सहीत हात एका दमात वाहतो, रेषा कुठे जाड तर कुठे बारीक होते आणि शेवटचा फटकारा विरत जातो. गिरवलेल्या सहीत मात्र हात मध्येच अडखळतो आणि थांबला तिथे शाईचा ठिपका साचतो. आमच्या पानावर असा ठिपका नव्हता. शेजारच्या सहीची निळी शाई आणि निबाची जाडीही तीच निघाल्यावर आपण म्हणालात की पेन एकच होते आणि ते हातोहात फिरले होते. कॅलटेक्सने रोव्हर्स कप ही मुंबईतली नावाजलेली फुटबॉल स्पर्धा जिंकली ती १९५८ साली. परंतु हे पान त्याच वर्षीचे आहे, असे म्हणण्याचा मोह आपण मला होऊ दिला नाहीत, कारण पानावर तारीख नाही. ही शिस्त मला सहीच्या ओळखीइतकीच मोलाची वाटते. बाजारात अर्ध्या माहितीवर उरलेली अर्धी रचून किंमत वाढवणारे कमी नाहीत.

आपण सांगितल्याप्रमाणे पान लॅमिनेट केले नाही, डिंकाने कुठे चिकटवले नाही आणि चौकटीत घालून उजेडात टांगलेही नाही. आम्लविरहित कागदाच्या दोन घड्यांमध्ये ते सपाट ठेवले असून पावसाळ्यातल्या दमटपणासाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत. सोबतच्या चिठ्ठीवर नारायण यांचे नाव, दोन्ही ऑलिंपिकची वर्षे आणि ५ ऑगस्ट २०२१ ही त्यांच्या निधनाची तारीख लिहिली आहे. ओळख कशाच्या आधारे पटली तेही लिहिले आहे, म्हणजे उद्या हे पान कोणाच्याही हाती गेले तरी त्याला माझ्या शब्दावर विसंबावे लागणार नाही. आपल्या पानाची छायाप्रतही, आपण परवानगी दिल्याप्रमाणे, त्याच पाकिटात आहे.

एवढ्या खटपटीचे मानधन तर आपण नाकारलेतच, वर प्रवासखर्चही घेतला नाहीत. निदान हे जाहीर आभार तरी नाकारू नयेत. कोपऱ्यातली दुसरी सही अजून लागलेली नाही. तिचे पहिले अक्षर ‘डी’ असावे असे मला वाटते, पण आपल्यासमोर तसे ठामपणे म्हणण्याचे धाडस होत नाही. पावसाची उघडीप मिळाली की पान घेऊन येतो. भिंग हाताशी असू द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक स्वाक्षरी-संग्राहक