हृदयाला स्वतःचं रक्त कुठून मिळतं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हार्ट अटॅकच्या बातम्या तुमच्या पेपरात सारख्या असतात, कुणी चालता चालता कोसळला, कुणी लग्नात नाचताना गेला, पण आत नेमकं काय बंद पडलं ते बातमीत नसतं. ते माहीत नव्हतं म्हणून आमचे पाच तास गेले, त्यासाठी हे पत्र.

गेल्या वर्षी कांदा काढणी चालू होती. बाबा, वय ६४, दुपारी ओट्यावर येऊन बसले, छातीवर मूठ दाबून धरलेली, शर्ट घामानं चिंब, डावा हात भरून आलाय आणि जबडा दुखतोय म्हणाले. आईनं ओवा दिला, शेजारच्यांनी सोडा आणला, मी पाठ चोळत बसलो, ढेकर आला की बरं वाटेल म्हणून. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, ईसीजी काढलाच नाही. संध्याकाळी तालुक्याला ईसीजी निघाला तेव्हा कळलं की मोठा अटॅक आहे.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं हृदयालाच रक्त पोचलं नाही. मला पटेना. दिवसभर रक्तानंच भरलेलं असतं ना ते, मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं, मग त्याला कमी कसं पडेल? त्यांनी ईसीजीच्या कागदामागं पेनानं काढून दाखवलं. कप्प्यातलं रक्त हृदयाच्या जाड भिंतीत मुरत नाही. डाव्या कप्प्यातून जी महाधमनी निघते तिच्या अगदी सुरुवातीलाच दोन बारीक फाटे फुटतात, त्या कोरोनरी, त्या हृदयाच्या अंगावरून फिरतात आणि तेवढंच रक्त त्याच्या वाट्याला येतं, एकूणातलं साधारण ५ टक्के. आणि ते पण डाव्या बाजूला बहुतेक करून दोन ठोक्यांच्या मधे मिळतं, कारण आवळलेल्या स्नायूत रक्त शिरत नाही, सैल पडला की शिरतं.

आम्ही मुळा कालव्यावरचे शेतकरी, मला लगेच कळलं. कालवा बांधाला लागून भरून वाहतो पण आपली चारी गाळानं बुजली तर पीक जळतंच, तशी बाबांची कोरोनरी बुजली होती. शाळेत आम्ही कर्णिका आणि जवनिका पाठ केल्या, चार कप्पे रंगवले, पण ही चारी कुणी दाखवली नव्हती. जबडा आणि हात का दुखतो ते पण तेव्हाच कळलं, हृदयाच्या आणि हाताच्या नसा मणक्यात एकाच ठिकाणी जातात म्हणून मेंदूची गफलत होते. शुगरवाल्यांना आणि बायकांना तर कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, उलटी होते.

बाबा वाचले, स्टेंट म्हणजे बुजलेली कोरोनरी उघडी ठेवणारी बारीक जाळी टाकली, पण जेवढा स्नायू मेला तेवढा गेला, तो परत येत नाही. आता पंपिंग ३५ टक्के, म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं एका ठोक्याला तेवढंच बाहेर पडतं. आणि पुढचं मला जास्त सांगायचंय, कारण लोकांना वाटतं हार्टचा आजार हार्टपुरता. बाबांचे पाय सुजायला लागले, क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीनं गाळून टाकायची घाण रक्तात साचायला लागली. किडन्या मुठीएवढ्या दोन, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला पाचवा हिस्सा त्यांना लागतो, तो कमी यायला लागला की किडनीला वाटतं शरीरात पाणीच कमी झालंय, मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवते, तेच पायात उतरतं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के पण त्याला १५ टक्के रक्त लागतं, म्हणून बाबा खाटेवरून झटकन उठले की डोळ्यापुढं अंधारी येते. जेवण झालं की आतड्याकडं जास्त रक्त वळवावं लागतं, तेव्हा त्यांना पायरी पण चढवत नाही. धडधाकट माणसाचं हृदय पळताना मिनिटाला वीस लिटरपर्यंत जातं आणि सगळ्यांना पुरवतं, बाबांचं नाही पुरवू शकत. ज्या माणसानं रात्र रात्र उभं राहून उसाला दारं धरली त्यांना डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर पाणी ठरवून दिलंय, ते सकाळी तांब्यानं मोजून एका कळशीत भरून ठेवतात आणि दिवसभर त्यातलंच घोट घोट पितात, बघवत नाही.

म्हणून विनंती आहे की रविवारच्या पुरवणीत एक पान द्या, रंगीत, मोठं. हृदयातून निघालेली महाधमनी, तिचे फाटे, कुठला फाटा कुठल्या अवयवाला जातो, आणि त्या दोन कोरोनरी ठळक लाल रंगात. खाली एवढंच लिहा की छाती, जबडा, हात यातलं काही घामासकट दुखत असेल तर ओवा सोडा नको, १०८ ला फोन करा आणि पहिल्या तासात ईसीजी काढा, डॉक्टर नको म्हणाले तरी मागून घ्या. चुलत्यांच्या घरात, दूध डेअरीवर, सोसायटीच्या ऑफिसात मी स्वतः चिकटवीन, खळ घरची आहे.

आपला वाचक,
एक शेतकरी, ता. नेवासा