तक्रार पत्र: ऑगस्ट महिन्यात द्राक्षे विकणाऱ्या सहल कंपनीस

जालना
दिनांक १ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय

विषय: नाशिकच्या वाइन पट्ट्यातील निसर्गवाटा व स्थळदर्शन सहल (१५ ते १७ ऑगस्ट २०२५). न दाखवलेली स्थळे, नसलेली द्राक्षे आणि रकमेचा परतावा.

संदर्भ: माझे पाच दूरध्वनी, दोन ई-मेल आणि आपले ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे एकच उत्तर, तेही दोनदा.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज सकाळी पाचव्यांदा बोलणे झाले आणि ते संपताच हे पत्र लिहायला बसलो आहे, त्यामुळे सुरुवातीचे क्षेमकुशल गाळले आहे. सहल आपलीच असल्यामुळे तिच्यात काय काय विकले होते हे आपणांस सांगण्याची गरज नसावी. मी केवळ काय मिळाले तेवढे सांगतो.

पत्नी, मुलगी, जावई, नऊ वर्षांचा नातू आणि मी अशा पाच जणांचे ₹६२,५०० आम्ही जून महिन्यातच भरले. पावतीवर त्यातील ‘निसर्गवाटा व स्थळदर्शन’ माणशी ₹४,८०० आणि ‘द्राक्षबाग अनुभव’ माणशी ₹२,२०० असे वेगळे दाखवले आहेत. राहण्याजेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. खोल्या स्वच्छ होत्या आणि दुसऱ्या रात्रीचे पिठले तर घरच्यासारखे होते. तक्रार आहे ती या दोन ओळींबद्दल.

१५ ऑगस्टला आम्ही जालन्याहून पहाटेच्या वंदे भारतने नाशिकरोडला उतरलो. कार्यक्रमपत्रिकेनुसार सायंकाळी पाच वाजता वाइनची चव घेण्याचा कार्यक्रम होता. स्वातंत्र्यदिनी महाराष्ट्रात मद्यविक्रीस बंदी असते, हे शाळकरी मुलालाही माहीत आहे. आपल्या नियोजन विभागाला ते माहीत नव्हते, किंवा माहीत असूनही त्यांनी ती तारीख छापली. यांतील कोणती शक्यता अधिक वाईट हे मला ठरवता आलेले नाही. मी स्वतः श्रावण पाळतो, त्यामुळे त्या पेल्यावाचून माझे काही अडले नाही. परंतु जावयाला हौस होती, पैसे घेतले होते, आणि त्याच्यापुढे कागदी पेल्यात खोक्यातला द्राक्षरस ओतून ‘चिअर्स’ म्हणण्यात आले. ‘उद्या नक्की’ असे सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या नावाची नोंदच तिथे नव्हती.

आता द्राक्षांविषयी. आपल्या माहितीपत्रकावर एक लहान मुलगी लाकडी टबात उभी राहून काळी द्राक्षे तुडवते आहे आणि खाली ‘स्वतः तोडा, स्वतः तुडवा’ असे छापले आहे. हे चित्र पाहूनच नातवाने हट्ट धरला होता. मी जून महिन्यात आपल्या प्रतिनिधीला स्पष्ट विचारले होते की ऑगस्टमध्ये द्राक्षे कोठून आणणार. ‘सर, तशी खास बाग आहे आपल्याकडे,’ असे उत्तर मिळाले. मी ३१ वर्षे कृषी विभागात काढली आहेत आणि आमच्या जिल्ह्यातील कडवंचीच्या द्राक्षबागांमध्ये माझे कितीतरी उन्हाळे-पावसाळे गेले आहेत, तरीही मी ते उत्तर ऐकून घेतले, हा माझा दोष. एखाद्याने नवीन काही केले असेल, असे मनात आले.

काहीही नवीन नव्हते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यानंतरच्या काळात काडीत सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे पुढच्या घडांची सुरुवात होते, काडी पक्व होते, मग साधारण ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षे काढणीला येतात. ऑगस्टमध्ये बागेत पाने असतात आणि डाऊनी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून फवारणीची धावपळ असते. नाशिक जिल्ह्याच्याच बागलाणातले शेतकरी अगाप, म्हणजे हंगामाआधी येणाऱ्या, द्राक्षांसाठी छाटणी लवकर घेतात, पण त्यांचेही घड ऑगस्टमध्ये खुडायला येत नाहीत. आपल्या ‘खास बागेत’ हिरवा मंडप होता, खाली चिखल होता, आणि कोपऱ्यात टब होता. टबात प्लास्टिकचे घड होते. ‘आत उभे राहा, फोटो काढतो,’ असे तिथल्या मुलाने सांगितले. नातवाने बूट काढले, आत पाय ठेवला, आणि मग माझ्याकडे पाहून पाय बाहेर घेतला. तो काही बोलला नाही. बोलला असता तर मला हे पत्र इतके लांबवावे लागले नसते.

१६ तारखेला अंजनेरी होते. मी या सहलीला होकार दिला तो मुख्यतः अंजनेरीसाठी. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरचा हा गड हनुमानाचे जन्मस्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, जिच्या शास्त्रीय नावातच ‘अंजनेरिका’ आहे. ही वनस्पती पावसाळ्यातच फुलते. म्हणजे ऑगस्ट महिन्यात नाशिकच्या परिसरात पायी हिंडून पाहण्यासारखे जे खरोखर होते, ते हे पठार होते. माहितीपत्रकातही ‘अनुभवी मार्गदर्शकासह चार तासांची निसर्गवाट’ असे लिहिले आहे. मार्गदर्शक आला नाही. चालकाने त्र्यंबक रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली, ढगाकडे बोट केले आणि ‘तो त्याच्यामागे अंजनेरी’ असे सांगितले. त्या ढगासमोर आम्ही दहा मिनिटे थांबलो. चहा आमच्या पैशाने घेतला. परत आल्यावर आपल्या ॲपमध्ये या दहा मिनिटांसमोर ‘अंजनेरी ट्रेल: पूर्ण’ अशी हिरवी खूण होती.

त्याच दिवशी दुपारी रामशेज ठरला होता. या किल्ल्याने औरंगजेबाच्या फौजांना पाच वर्षांहून अधिक काळ झुंजवले. आम्हांला त्याच्या पायथ्याच्या आशेवाडीपर्यंतही नेले नाही. त्याऐवजी वातानुकूलित दालनात बसवून आपल्याच भगिनी कंपनीच्या सुट्टी-सभासदत्व योजनेचे सादरीकरण दाखवले गेले. रामशेजच्या मानाने आमची शिबंदी लहान होती, पण आम्हीही दोन तास सही दिली नाही.

पांडवलेणी मात्र दाखवली, हे मान्य करतो. वीस मिनिटे दिली. सोबतच्या मुलाने ‘पांडवांनी एका रात्रीत खोदली’ असे सांगून विषय संपवला. ही बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे गुणवर्णन असलेला ब्राह्मी लेख कोरवून घेतला आहे. ज्या सातवाहनांचा तो लेख आहे त्यांची राजधानी आमचे पैठण. मराठवाड्यातून गेलेल्या माणसाला त्या एका भिंतीसमोर पाच मिनिटे उभे राहू द्यावे, एवढीही कल्पना आपल्या कार्यक्रमात नव्हती, कारण चौथ्या मिनिटाला खालून हॉर्न वाजू लागला होता.

तिसऱ्या दिवशी नांदूर मधमेश्वर. रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेले महाराष्ट्रातील हे पहिले ठिकाण. माहितीपत्रकात रोहित पक्ष्यांचा थवा छापला आहे. स्थलांतरित पक्षी तिथे हिवाळ्यात येतात. आम्ही मनोऱ्यावरून तांबडे पाणी पाहिले, जे तिथून पुढे आमच्या जायकवाडीकडेच यायचे होते. ते पाहण्यासाठी आम्ही पैठणलाही जाऊ शकलो असतो, आणि घरी जेवायला परतलोही असतो.

म्हणजे आपण फेब्रुवारीची द्राक्षे आणि डिसेंबरचे पक्षी आम्हांला ऑगस्टमध्ये विकले, आणि ऑगस्टची फुले जिथे होती तो एकच डोंगर ढगाआड ठेवून दिला.

एवढ्यावरही मी शांत होतो. आज सकाळच्या दूरध्वनीबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. आपण संभाषण ध्वनिमुद्रित करता असे सुरुवातीलाच सांगितले जाते, तेव्हा पडताळून पाहावे. बावीस मिनिटे सनई ऐकल्यावर आपले एक वरिष्ठ ग्राहक समाधान अधिकारी बोलू लागले. मी द्राक्षांची तक्रार सांगितली. ते म्हणाले, “सर, द्राक्षे तर आता बारा महिने मिळतात, मॉलमध्ये बघा.” मी म्हणालो की मॉलमध्ये मिळणारे फळ कुठल्या देशातून येते ते मला ठाऊक आहे, मी वेलावरच्या घडाबद्दल बोलतो आहे आणि माझी सगळी नोकरी कृषी विभागात झाली आहे. त्यावर ते म्हणाले, “शेतीचा अनुभव असेल सर, पण हे ॲग्रो-टुरिझम आहे.” या वाक्याचा अर्थ मी सकाळपासून लावतो आहे. शेतीपर्यटनातून शेती वजा केल्यावर जे उरते ते आपले उत्पादन असावे.

मग मी अंजनेरीचा विषय काढला. ते काही क्षण थांबले, बहुधा माझी नोंद वाचत असावेत, आणि म्हणाले, “सर, तुम्ही जालन्याचे ना?” मी हो म्हणालो. “मग मराठवाड्यातून आलेल्या पाहुण्यांना एवढे हिरवे डोंगर, एवढे पाणी बघायला मिळाले, हेच खूप झाले की. तुमच्याकडे तर टँकर असतात ना?”

मी “काय म्हणालात?” असे विचारले. मला वाटले, त्यांना आपली चूक कळेल. त्यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारले, या वेळी अधिक सावकाश, माझ्या कानांना कमी ऐकू येते असे समजून. शेवटी एक हसू होते. पत्नी शेजारी बसली होती आणि फोन स्पीकरवर होता. तिने काही न बोलता उठून टीव्ही बंद केला, तेव्हा मला कळले की तिनेही ऐकले आहे.

टँकर असतात, महोदय. टँकरच्या रांगेत उभे राहण्याची वेळ आमच्यावर आली आहे आणि ते आम्ही लपवत नाही. त्याच टँकरच्या जिल्ह्यात कडवंचीच्या लोकांनी पाणलोटाची कामे केली, शेततळी खणली आणि द्राक्षे पिकवली. ती द्राक्षे खरी असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. वेरूळ, अजिंठा, देवगिरी ही ठिकाणे आमच्याकडे आहेत आणि गौताळ्याचे जंगल पावसाळ्यात कोणत्याही ढगाआड लपवून ठेवावे लागत नाही. ज्याने हिरवा डोंगर पाहिलेलाच नाही असा ग्राहक म्हणून आपण मला हाताळलेत. मी हिरवा डोंगर पाहायला आलो नव्हतो, अंजनेरीचे पठार पाहायला आलो होतो, आणि ते मला दहा मिनिटे टपरीवरून दाखवले गेले. हे मी आधी लिहिले आहे. पुन्हा लिहितो आहे, कारण पाच दूरध्वनींत कोणीही ते एकदाही लिहून घेतलेले दिसत नाही.

याच संभाषणाच्या शेवटी मला पुढील सहलीसाठी ₹२,००० चे कूपन देऊ करण्यात आले, जे सभासदत्व घेतल्यासच लागू होते. ते मला नको आहे. दहा वर्षांपूर्वी आपल्याच कंपनीबरोबर आम्ही दोघे हंपीला गेलो होतो आणि तेव्हाच्या मार्गदर्शकाने विठ्ठल मंदिरात आम्हांला अडीच तास खिळवून ठेवले होते. त्या आठवणीवर विसंबून मी जावयापुढे आपली शिफारस केली. आता जावई काही बोलत नाही, फक्त त्या ढगाचा फोटो त्याने कुटुंबाच्या गटावर टाकला आहे.

माझी मागणी अशी आहे. निसर्गवाटा आणि द्राक्षबाग अनुभव या दोन बाबींचे पाच जणांचे ₹३५,००० होतात. पांडवलेणी दाखवली म्हणून त्यातून माणशी ₹५००, म्हणजे ₹२,५००, मीच वजा करतो. उरलेले ₹३२,५०० माझ्या बँक खात्यात जमा करावेत. ज्या अधिकाऱ्याने मराठवाड्याबद्दल ते वाक्य दोनदा उच्चारले, त्याची लेखी दिलगिरी माझ्या नव्हे, माझ्या पत्नीच्या नावे पाठवावी. ऑगस्टच्या माहितीपत्रकातून द्राक्षे आणि रोहित पक्षी काढावेत. १५ ऑगस्टच्या मद्याबद्दल काय करायचे ते आपल्या विधी विभागास विचारावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत असे न झाल्यास मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी याबद्दल तक्रार दाखल करीन. ती मला मी राहतो तिथल्याच, म्हणजे जालन्याच्याच, जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी आज दुपारीच नोंद केली आहे. त्यांनी माझे म्हणणे सहा मिनिटांत लिहून घेतले. सुनावणीस आपल्या प्रतिनिधीला जालन्यास यावे लागेल. पिण्याचे पाणी मिळेल.

पावतीची प्रत, माहितीपत्रक, ॲपमधील हिरव्या खुणेचे छायाचित्र आणि प्लास्टिकच्या घडांचे छायाचित्र सोबत जोडले आहे. ढगाचेही जोडले आहे.

आपला (अद्याप) ग्राहक,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक, जालना